गाडी बघून जा

धाकटी : दार आता लावा, वहिनी. ढकलू नका, नुसतं सोडा.

वहिनी : लागलं की. आवाजसुद्धा नाही.

धाकटी : जॅकवर उचललेली असताना दार अडकत नाही, म्हणजे खालचा सांगाडा सरळ आहे. उघड्या टपाच्या गाडीचं सगळं बळ तळात असतं. तळ सडला की गाडी मधोमध बसते आणि दारं लागेनाशी होतात.

दादा : हे जरा फोनकडे बघून बोल. आणि तू फोन हलवू नकोस गं, तिचा चेहरा दिसला पाहिजे.

धाकटी : शूटिंग कशाला रे?

दादा : उद्या म्हणशील, दादानं खराब गाडी गळ्यात मारली. पुरावा असलेला बरा.

धाकटी : बाबांबरोबर मीच खोलून जोडलेली गाडी, आणि मी तसं म्हणेन?

दादा : म्हणून तर तुला बोलावलं. पुढं सांग. गंज?

धाकटी : ड्रायव्हरच्या पायाखाली आहे थोडा. टपाच्या कडेला पाणी उतरायला भोकं असतात, ती बुजली की पाणी गालिच्याखाली साचतं. बाबा तार घालून साफ करायचे. ते गेल्यापासून कुणी केली नसतील.

दादा : ते गेल्यापासून या गॅरेजात कुणी फिरकलंच नाही.

वहिनी : तू नेलीस की बरं होईल. इथं नुसती धूळ खातेय बिचारी.

धाकटी : तळाचा तेवढा पत्रा बदलेन मी. आता हा लोहचुंबक बघा, फडक्यात गुंडाळलाय. सगळीकडे चिकटतोय, म्हणजे खड्डे बुजवायला लांबी थापलेली नाही, अस्सल पत्रा आहे. मागच्या या कोपऱ्यावर मात्र घसरतो.

दादा : का? तिथं काय आहे?

धाकटी : तिथं लांबी मी भरलीय. नववीत होते. ओबडधोबड झाली होती, पण बाबांनी तशीच ठेवली. म्हणाले, ही तुझी सही.

दादा : हो का. मला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी : जॅक उतरवते. मी आणलेली बॅटरी जोडलीय, आता इंजिन चालू करू या. वहिनी, धुराकडे लक्ष ठेवा. निळा आला तर सांगा, म्हणजे आत ऑइल जळतंय.

वहिनी : पांढरा आला जरासा... आता तोही थांबला.

धाकटी : ऐकलंस, दादा? कुठं खटखट नाही. इतके दिवस उभी राहूनसुद्धा. कोपऱ्यापर्यंत नेऊन आणू?

दादा : नको. बंद कर.

धाकटी : चालवल्याशिवाय ब्रेक कसे कळणार?

दादा : बंद कर म्हटलं ना. आता शेवटचं एक बोल. या गाडीचं काम मी वडिलांबरोबर स्वतः केलंय, गाडी घेण्यासारखी आहे, असं.

धाकटी : सांगू कुणाला? घेणारी मीच ना?

दादा : बोल तर.

धाकटी : या गाडीचं काम मी वडिलांबरोबर स्वतः केलंय. टप, इंजिन, वायरिंग, सगळं. गाडी घेण्यासारखी आहे. झालं?

दादा : झालं. छान बोललीस. त्यांना नेमकं हेच हवं होतं.

धाकटी : कुणाला?

दादा : ज्यांनी गाडी घेतलीय त्यांना. जुन्या गाड्या जमवतात ते. व्यवहार पक्का झालाय, फक्त म्हणाले, गाडी आतून माहीत असलेल्या माणसाला दाखवा आणि तो काय म्हणतो ते पाठवा. म्हटलं, असा माणूस आमच्या घरातच आहे.

वहिनी : अहो, मला तर म्हणालात हिलाच देतोय.

दादा : तू मध्ये बोलू नकोस.

धाकटी : मी रजा काढून आले, दादा. शेड रिकामी करून ठेवलीय. तू फोनवर म्हणालास...

दादा : मी म्हणालो, गाडी विकायची आहे, बघून जा. तुला विकतोय असं कुठं म्हणालो? आठवून बघ.

धाकटी : सरळ नाही म्हणायचं होतंस.

दादा : तू घरी बसून रडली असतीस, मला काय दिसणार होतं? इथं आलीस, पोटावर सरपटत गाडीखाली गेलीस, हात काळे केलेस. मला बघायला मिळालं.

धाकटी : इतका कसला राग धरलायस?

दादा : मी गाडी शिकत होतो तेव्हाचं. माझे मित्र फाटकाशी उभे होते. मी गाडी घेऊन आलो आणि चढावर बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, तू उतर, तिला बसू दे. तुझे पाय पेडलला पुरत नव्हते. पाठीशी उशी लावली तुझ्या. तू एका दमात चढवलीस, आणि माझ्याच मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी फाटक धरून उभा होतो.

धाकटी : मला आठवतं ते.

दादा : तुला आठवणारच. तू आत बसली होतीस.

धाकटी : मी लहान होते रे.

दादा : बाबा कधी बोलले त्यावर? शेवटी तूच होतीस त्यांच्याजवळ.

धाकटी : बोलले एकदा.

दादा : काय?

धाकटी : राहू दे.

दादा : शूटिंग बंद कर गं. हं, आता बंद आहे. सांग.

धाकटी : तुझ्याबद्दलच बोलत होते, बराच वेळ. वहिनी, हात पुसायला फडकं आहे का?

दादा : काय बोलले ते विचारतोय मी.

धाकटी : गाडी तुझ्याकडे आली, ते माझ्याकडे राहिलं. असू दे माझ्याकडेच.

वहिनी : अहो, फोन वाजतोय. त्या गाडीवाल्यांचाच आहे.

दादा : आण इकडे. तू जाऊ नकोस. आलोच मी.

(दादा फोन घेऊन घरात जातो.)

वहिनी : मला खरंच काही माहीत नव्हतं गं.

धाकटी : कळलं मला.

वहिनी : काय म्हणाले होते बाबा? मला तरी सांग. ह्यांना नाही सांगणार.

धाकटी : काही नाही.

वहिनी : म्हणजे?

धाकटी : मीच विचारलं होतं त्यांना, दादाला गाडीतून उतरवलंत तो दिवस आठवतो का. म्हणाले, कधी उतरवलं? त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

वहिनी : मग आता हे रोज फोन करून विचारतील तुला.

धाकटी : विचारू दे. मी दर वेळी उचलेन, आणि म्हणेन, राहू दे.