दोन्ही वूफर ह्याच भिंतीला

न्हाई, न्हाई, गोरक्षभाऊ, तिकडं नको — टीव्हीच्या बाजूला नको म्हनलं ना — दोन्ही वूफर ह्याच भिंतीला. जुना हाय तिथंच ऱ्हाऊ द्या, नवा त्याच्या शेजारी, आन तोंड भिंतीकडं. व्हय, भिंतीकडंच. हसू नका राव. मघाशी तुमी गुडघ्यावर रांगत बघितलं ना, बेस कुठं दाटतो आन कुठं मरतो ते — माझ्या खुर्चीत मरतो, ठाऊक हाय मला, रोज तिथंच बसतो मी. समोरासमोरच्या भिंतींना एकेक लावला की खुर्चीत बी भरून येईल म्हनता — येईल की, नारायणगावातले एवढाले हॉल तुमी वाजते केले, तुमचं खोटं कसं असंल? पन खुर्चीत कोनाला पायजे? मला भिंतीत पायजे.

भिंतीपल्याड कोन? आता काय सांगू — दादा. माझा थोरला भाऊ, कुशाबा. घर एकच व्हतं, वाटन्या झाल्या तवा मधी भिंत घातली, माझं दार रस्त्याला आलं, त्याचं मागल्या गल्लीत गेलं. बोलनं नाय आमचं. का नाय? माझ्या पोराच्या, अमृतच्या हळदीला डीजे लावला व्हता, दादानं पावन्यांदेखत वायर उपटली. आत बाबा आजारी व्हते म्हनून उपटली — ते हाय म्हना — पन चारचौघांत? मी बी तोंडाला येईल ते बोललो. तवापासून मला बघून त्यो मान फिरवतो, त्याला बघून मी.

पन संध्याकाळी मी गानी लावली, ढोलकी घुमाय लागली, की भिंत धडधडायची — आन त्यो ठोकायचा. मुठीनं. धप्प. एक ठोका मंजी बारीक कर. दोन मंजी बास आता, जेवायला बसलोय. कोनी ठरवलं नव्हतं, आपलं आपलंच ठरलं. आन मी लगेच बारीक करायचो बरं का! आमची बायको, सरू, ओरडून ओरडून दमली तरी बटनाला हात लावत नाय मी, पन दादाचा ठोका आला की — लगेच. मागं एकदा ठोका आला त्यो एकदम हलका, जसा ल्हान पोरानं मारावा. मी सरूला म्हनलं, दादाला बरं नाय, वैनीला इचारून ये. खरंच ताप निघाला! मंग मी मशीन चालूच केलं नाय. चार-आठ दिवस गेले असतील, आन एक दिवशी ठोका आला, ह्यो मोठ्ठा — गानं चालू नसताना! मंजी काय? मंजी लाव की, मेला का काय तिकडं? हसलो मी राव. एकटाच बसून हसलो.

आन आता? आता कायच नाय. लेकीच्या, आरतीच्या बाळंतपनाला आमी दोघं चाकनला गेलो, महिनाभर तिकडंच. आलो, गानी लावली — ठोका नाय. मोठी केली — नाय. वाटलं गावाला गेला असंल, तर डेअरीवर दूध घालताना दिसला, चांगला धडधाकट. मंग हात का उचलत नाय? सरूची मांडनीवरची भांडी खाली पडली, रस्त्यापलीकडची मानसं येऊन भांडून गेली — पन दादा गप. भिंतीला कान लावून बसतो मी. सरू म्हनती, येड लागलं तुमाला. लागलंय! भांडनसुद्धा सोडलं वो त्यानं माझ्याशी. मला लई भ्या वाटतं, गोरक्षभाऊ. आमच्यात तेवढंच उरलं व्हतं. म्हनून ह्यो दुसरा वूफर — एकानं पोचत नसंल तर दोन्हीनं पोचंल. लावा, फुल करा, मी हितं हात ठेवून बघतो —

काय? पोचनार नाय? का नाय पोचनार, नवा कोरा हाय की. मघापासून तुमी कायतरी सांगायला बघताय आन मीच बोलत सुटलोय — बोला. कोनी? तुमी? ह्याच भिंतीला, पल्याडनं? कवा — आमी चाकनला व्हतो तवा. अस्सं. मागल्या गल्लीनं आला व्हता म्हनून तुमाला बी आत्ता उमगलं, त्ये घर मंजी हेच. ह्या भिंतीला लागून दुसरी भिंत केली, मधी काचेचा कापूस भरला. थेटरात आवाज अडवाय असतो तसा. दादानं सोताहून बोलवून घेतलं तुमाला. मंजी आता त्यानं ठोकलं तरी मला ऐकू यायचं नाय.

काय म्हनला त्यो? खरं सांगा, शिव्या दिल्या असतील. नाय? मंग? — हौशाला ल्हानपनापासून गान्याचा नाद, माझ्यापायी सारखं बारीक करावं लागतं त्याला, आता मोकळं वाजवू दे — असं म्हनला? मला हौशा म्हनला? हौशीराम नाय, हौशा?

व्हय, तुमचं काम पक्कं असतंय. म्हनून तर मी तुमाला बोलवलं. त्यानं बी त्याच्यासाठीच बोलवलं असंल. कितीबी वाढवला तरी कायच नाय जायचं? इत्तुसं बी नाय? जाऊन भेटा म्हनता. जातो की — आन दारात हुबा राहून काय म्हनू? दादा, भिंत पाड म्हनू? ठोक म्हनू?

ऱ्हाऊ द्या, नका जोडू. वायर गुंडाळा, नवा डबा परत न्या. निघा तुमी. आन ऐका — मागल्या गल्लीनं जाऊ नका. दादा ह्या टायमाला ओट्यावर बसलेला असतो. डबा माघारी चाललेला दिसला तर त्याला वाटंल, हौशानं गानी सोडली. जाता जाता ह्यो जुना तेवढा चालू करून जावा. मोठा करा. अजून. जावा.