पतीच्या नावे अडवलेल्या डायलिसिसच्या जागेबाबत

नाव विमलाबाई गुणवंत पालशेतकर, वय ५९, धंदा शिवणकाम, राहणार इंद्रलोक, भाईंदर पूर्व. आज दि. २० जून २०२५ रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

सोमवार, २ जून रोजी सकाळी मी पाणी भरलं, दुधी उकळून, त्यातले क्षार जावेत म्हणून त्याचं पाणी ओतून टाकलं आणि पतींची पाण्याची बाटली मोजून भरली. किडनी निकामी असल्याने त्यांना पाणी बेतानेच द्यावं लागे. ते म्हणाले, "सासऱ्यांनी एवढी कंजूष मुलगी दिली कशी?" अकरा वाजता आम्ही खाजगी डायलिसिस केंद्रात गेलो. तिथे सरकारी योजनेतून दर सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस मोफत होई.

काउंटरवरचे साईराज महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या तारखांपुढे सह्या घेत. सुई लागल्यावर हात दुखतो, म्हणून आम्हालाही ते सोयीचं वाटे. पती म्हणाले, "जूनभर सह्या केल्यात. आता महिना संपेपर्यंत मरायची सोय नाही." साईराज म्हणाले, "काका, जुलैचा कागद पण काढतोय." आम्ही सगळे हसलो.

गुरुवार, ५ जून रोजी पहाटे पती घरी वारले. मी त्याच दिवशी साईराज यांना फोन केला. ते फोनवर रडले. पतींची जागा पाली गावच्या बाबाजींना द्या, असंही मी सांगितलं. बाबाजींची आणि पतींची ओळख केंद्राच्या बाकावरची; जागा मिळते का हे विचारायला ते तिथे येत. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं आहे. मुंबईत जाऊन दोनदाच मिळतं.

१७ तारखेला बाबाजी तेराव्याला आले. पाय सुजले होते. म्हणाले, "वैनी, जागा न्हाय. बेड भरलेला हाय म्हणतात."

बुधवार, १८ जून रोजी दुपारी माझ्या मोबाइलवर योजनेचा संदेश आला. "श्री. गुणवंत पालशेतकर यांचे डायलिसिस आज पूर्ण झाले. आपण समाधानी आहात का?" मी तो तीनदा वाचला. पती गेल्यावरही त्यांच्या नावे या नोंदी कोण करायला लावतं आणि त्या कोण तपासतं, याची चौकशी व्हावी, ही माझी तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मृत्यूचा दाखला आणि बाबाजींना घेऊन केंद्रात गेले. साईराज म्हणाले, "काकी, मॅनेजर सांगतात तसं मी भरतो." मी म्हटलं, "तुमच्या कागदावर काका काल इथे होते. आत असतील तर मला भेटायचंय. नसतील तर यांना आत घ्या."

साईराज यांनी बाबाजींना आत घेतलं. त्यांचं डायलिसिस होईपर्यंत चार तास मी बाकावर बसून होते.

हा मजकूर मी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. सांगितला तसाच आहे.