रावणासमोर पडलेला लोखंडी गडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचा भार वाहणारे माननीय रतनसिंग नाईक साहेब. मुख्याध्यापिका आदरणीय निता मॅडम. व्यासपीठावरची आपल्या डोंगरकडा गावची वडीलधारी मंडळी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते चित्रकलेचे आणि कार्यानुभवाचे आपले रामकिशन बोंढारे सर. त्यांच्या सौभाग्यवती नर्मदावहिनी. शिक्षकवृंद, तांड्यावरून वेळ काढून आलेल्या माझ्या बाया आणि लेकरांनो!

मी रूपाबाई राठोड, या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर. काचेच्या नळ्या धुणारीनं भाषण काहून करावं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्याचंही बराबर आहे. पण निता मॅडम म्हणाल्या, "सरांच्या यंत्राबद्दल बोलायचं तर आत बसलेलं माणूसच पाहिजे." आत बसलेली मी एकटीच.

सरांच्या शिस्तीबद्दल आणि चित्रांबद्दल माझ्याआधी मोठी माणसं बोलली. मी लोखंडी गड्यापुरतंच बोलते.

नव्या लेकरांना माहीत नसेल, म्हणून सांगते. सत्त्याण्णव साली सरांचे धाकटे भाऊ हरीशभाऊ सैन्यातून कायमचे घरी आले. पहाऱ्यावर असताना सुरुंगावर पाय पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. मग एकदा वर्गात फुलदाणी काढायची सोडून त्यांनी फळ्यावर एक गडी काढला. शाळेच्या पत्र्याहून उंच, एका हातात ढाल, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली आणि छातीत माणूस बसायला जागा. शिक्षकांनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, "युद्धयंत्र. हा जवानाच्या पुढं चालंल. सुरुंगावर पहिला पाय याचा पडंल. लढाई लोखंडानं करावी, लेकरांनी न्हाई."

मंडळी, हसू कोणाला आलं नसेल? सगळेच हसले. फक्त एक माणूस त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. तो शाळेचं फाटक सांधायला आला होता. तो म्हणजे देविदास राठोड, स्टँडवरचे वेल्डिंगवाले, आमचे मालक. ते एवढंच बोलले, "सर, याचा गुडघा कसा वाकंल?"

सर म्हणाले, "तेच तर मला येत न्हाई."

"मग उद्या दुकानावर या."

तिथून पुढं दोन्ही घरांतल्या बायकांना काय तकलीफ झाली ते नर्मदावहिनींना विचारा! मालट्रकचे पाटे गुडघ्यात गेले, ट्रॉलीचे जॅक मांड्यांत, पाण्याच्या मोटरीचं डिझेल इंजिन पाठीवर आणि मोडक्या जीपची खुर्ची छातीत. मुठीसाठी तर सरांनी वहिनींचा खलबत्ता नेला होता. वहिनी, तो परत मिळाला का? न्हाई ना!

आता आत बसणारं माणूस हलकं पाहिजे आणि उंचीला न भिणारं. आमचे मालक म्हणाले, "आमची रूपा बसंल. तांड्यावरचं एक झाड तिनं सोडलं न्हाई." मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मी 'व्हय'च म्हणले असते.

इंजिन सुरू झालं की वर काही ऐकू येत नसे. म्हणून मालक समोर उभे राहून हातानं खुणा करायचे. त्यांनी डावा हात उचलला की मी डावा दांडा ओढायचा. आता हे सांगू का नको? सांगते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मोठ्या माणसांसमोर नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची आमच्यात रीत न्हाई. त्या खुर्चीत मात्र बघावंच लागायचं. नजर हलली की पाऊल चुकायचं. सासरे बसलेले असायचे, दीर असायचे, सगळा तांडा असायचा, आणि मी माझ्या नवऱ्याकडं पोटभर बघायची. तेही मान वर करून माझ्याकडं बघायचे. कोण काय म्हणणार? काम चालू होतं!

दसऱ्याला शाळेच्या मैदानावर रावण उभा केला होता. लोखंडी गड्यानं त्याच्यापर्यंत चालत जायचं आणि मूठ मारायची, असं ठरलेलं. गडी चालला. मंडळी, खरंच चालला. जमीन दणदण करत होती. मी खाली बघत होते, मालक मागं मागं सरकत खुणा करत होते, हसत होते. त्यांना इतकं हसताना मी नंतर कधी बघितलं न्हाई.

रावण हाताच्या अंतरावर आला आणि जॅकची तेलाची नळी फुटली. गुडघा खचला, इंजिन बंद पडलं. माणसं लांब पळाली. एकच माणूस आत धावला. त्यांनी सागाचा ओंडका गुडघ्याखाली लोटला, खांदा लावला आणि सगळ्या गावासमोर माझं नाव घेऊन ओरडले, "रूपा, उतर! मी हाय!"

मी उतरले. त्यांना ओढून बाजूला केलं आणि गडी रावणासमोर तोंडावर पडला. लोक म्हणाले, पाया पडला! सर मात्र मटकन खाली बसले. तेव्हा हरीशभाऊ कुबड्या टेकत आले, तापलेल्या लोखंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, गडी पडला, पण आतलं माणूस जित्तं उतरलं. मला एवढंच पाहिजे होतं."

त्यानंतर गावानं मैदानावर यंत्र आणायला बंदी केली. ते बराबरच होतं. तरी दुकानात दोघांचं चालूच असायचं. पाऊल रुंद करू, इंजिन खाली घेऊ. दोन हजार दोन साली मालकांना कावीळ झाली. पंधरवडाही न्हाई निघाला.

वर्ष सरल्यावर सर नव्या गुडघ्याचं चित्र घेऊन घरी आले. "रूपाबाई, जमलाय. बसाल का?"

मी म्हणले, "बसंन सर. पण बघू कोणाकडं?"

सरांनी चित्राची गुंडाळी केली, चहा घेतला आणि गेले. परत कधी विचारलं न्हाई. सर, त्या न विचारण्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

आता सर लेकाकडं औरंगाबादला चालले. वहिनींनी सामान बांधलंय, हे मला माहीत आहे. पण मागच्या रविवारी मी दुकानाच्या मागं गेले, तिथं उभ्या गड्यावरची ताडपत्री ओढली आणि चढून त्या खुर्चीत बसले. समोर कोणी न्हवतं. रडले. मग रडणं थांबल्यावरही बसूनच राहिले. उतरावंसं वाटंना.

तर सर, भर सभेत सांगते. दसऱ्यापर्यंत जाऊ नका. मैदानाचं नाईक साहेबांशी मी बोलीन. गुडघा तुमी बसवा, मी वर बसते. खुणा तुमी करा. मी तुमच्याकडं बघीन. त्यांच्याकडं बघायची तसं न्हाई बघता येणार, पण पाऊल चुकणार न्हाई.

अध्यक्ष साहेब, निरोपाच्या सभेत पाहुण्याला थांबा म्हणाले, ही माझी चूक झाली. मला बोलू दिलंत, तुमचे सगळ्यांचे आभार. कमीजास्त बोलले असेन तर आपल्या लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. नमस्कार.