कपाटावरचा पासवर्ड

कार्ल्याच्या महिला आधार संस्थेत तेजल दोन महिने राहिली होती. कामशेतला एसटीच्या रांगेत तिच्यापुढं संस्थेचे अध्यक्ष राजेंद्रभाऊ आणि सचिव चिमाबाई पाठमोरे उभे होते.

“मावशी, हापिसातल्या संगणकाचा पासवर्ड बदलला तुमी?”

“व्हय. कपाटावर चिकटवला होता तुमी. पाण्याचे जार आणणारा पण वाचायचा.”

“मग नवा सांगा. देणगीदारानं बायकांची नावं-पत्ते मागितलेत.”

“नवऱ्याच्या मारापायी पळून आलेल्या बायका त्या. न्हाई मिळणार.”

“मी अध्यक्ष हाय.”

“मग सभा बोलवा. त्या बायकांसमोर ठराव वाचा.”

“लय ताठ बोलता. तुमाला सचिव केलं कुणी?”

“तुमीच. ही बाई तोंड उघडत न्हाई म्हणून. आता न्हाईच उघडणार.”