बोलेल त्याच्याकडे वळणारा कॅमेरा

दुपारी दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर शिंपीणबाईंचा डोळा लागत होता. शेजारी बसलेल्या बाईंचं आणि कारागिराचं बोलणं त्यांना झोपेच्या पलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं.

“बिघडलंय काय, ताई?”

“बिघडलं काहीच नाही. हा कॅमेरा जो बोलेल त्याच्याकडे वळतो.”

“लोक त्यासाठीच तर घेतात.”

“आमचे बाबा बोलत नाहीत हो. झटका आल्यापासून वाचाच गेली. भाऊ लांबून व्हिडिओ कॉल करतो बाबांना बघायला, आणि त्याला दिसते मी.”

“तुम्ही गप्प बसून बघितलंत?”

“बसले. मग कॅमेरा शेजारचा रेडिओ ऐकून खिडकीकडे वळला.”

“बाबांचा काहीच आवाज नाही?”

“भाऊ हसला की खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतात. हळूच.”

“तो आवाज कॅमेरा गोंगाट समजून गाळून टाकतो. गाळणं बंद करतो आणि खुर्चीवर रोखून देतो. पण मग घरातली सगळी खुडबुड तिकडे ऐकू जाईल.”

“जाऊ दे. त्याचंच घर आहे.”

“आणि तुम्ही दिसणार नाही.”

“मला खूप बघितलंय त्यानं.”

कारागिरानं दोन बटणं दाबली, स्पीकर जोडला.

“वाजवा बरं, बाबा वाजवतात तसं.”

बाकावर टकटक झाली.

“एवढ्या जोरात?”

“नाही. याहून हळू.”

बाईंनी पुन्हा बोटं टेकवली. स्पीकरमधून तो आवाज दुकानभर अलगद पसरला, आणि शिंपीणबाईंनी डोळे उघडले.