लहूचं ताट

मालाड स्टेशनबाहेर चारकोपच्या बसची रांग काही हलेना. सोनूबाई मासळीची रिकामी पाटी खाली ठेवून टेकली. पुढे दोन पोरं आपल्याच बोलण्यात होती.

“शिवदास, आज कमळबाईच्या खानावळीत नको यार. उडप्याकडे जाऊ.”

“का रे, भीमराज?”

“लहूचा बाप तिथंच बसलाय. तार मिळाली तसा गावाहून आलाय.”

“मग? लहू खोलीवर तापानं गेला. आपण मारलं काय त्याला?”

“बाई म्हणाली, एक वेळ जरी त्याचं ताट पडून राहिलं असतं, तरी मी खोलीवर माणूस पाठवला असता.”

“अरे, मला वाटलं गावी गेलाय. महिन्याची खानावळ भरलेली, जेवण फुकट घालवायचं?”

“‘लहू येतोय, वाढून ठेवा,’ असं रोज तूच सांगायचास.”

“आणि अर्धं तू खायचास ना!”

“खायचो रे.”

“बाईला बोललास काय?”

“काय बोलू? ती रडत म्हाताऱ्याला सांगत होती, ‘शेवटपर्यंत पोटभर जेवला हो तुमचा मुलगा. ताट रोज चाटूनपुसून रिकामं व्हायचं.’ म्हाताऱ्यानं तिला हात जोडले.”

बस आली. रांग पुढे सरकली. दोघं जागचे हलले नाहीत, म्हणून सोनूबाईही थांबली.

“मग?”

“मग म्हाताऱ्यानं मला विचारलं, शेवटचं काय जेवला?”

“तू काय म्हणालास?”

“तळलेला बांगडा म्हणालो. वर भात मागून घेतला म्हणालो.”