एकाच्या जागी दोन वॉशर

नाही हो ताई, बल्ब नाही गेलेला. मघाशीच बॅटरीला लावून बघितला मी, फ्यूजही चांगला आहे — तुम्ही इंजिन बंदच राहू द्या, चावी तेवढी फिरवा आणि क्लच दाबून रिव्हर्स टाका, मी खाली खड्ड्यात आहे. टाकला? मागे बघा. नाही ना लागला? आता गिअरबॉक्सवरच्या या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवतो — लागला, बघा. म्हणजे वायरिंगही ठीक. राहिला हा स्विच. रिव्हर्स पडला की आतला दांडा याची पिन दाबतो आणि मागचा पांढरा दिवा लागतो, एवढंच याचं काम. खोलला. वायरी जोडल्या. पिन बोटानं दाबतो — लागला? लागणारच, स्विच ठणठणीत आहे. मग दुखणं कुठंय म्हणाल, तर — थांबा जरा.

काही नाही. वॉशर आहेत इथे. एकाच्या जागी दोन. त्यामुळे स्विच केसभर बाहेर राहतो, दांडा कधी पिनेपर्यंत पोचतो, कधी नाही पोचत. असतात असे अर्धवट कारागीर, तेल ठिबकतं म्हणून एकावर एक वॉशर चढवतात आणि मोकळे होतात. काय म्हणालात? काकांनी — तुमच्या वडिलांनी — माझ्याशिवाय कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही? हो. ते खरं आहे. तीस वर्षं, चाकातली हवासुद्धा माझ्याकडेच.

बरं, मीच. क्लचप्लेट बदलली तेव्हा. तेल ठिबकत होतं, जाड वॉशर मिळेना, म्हणून जुन्यावर नवा चढवला — आणि दिवा लागत होता हो, मी बघूनच गाडी दिली! तुमच्या भावानंही बघितला ना, गाडीचा धक्का लागून काकू पडल्या त्याच संध्याकाळी? लख्ख लागला म्हणे. म्हणून तर काका खोटे पडले. गाडी मागे घेताना काकू फाटकापाशी उभ्या राहायच्या, पांढरा दिवा दिसला की बाजूला व्हायच्या, लग्नापासूनची रीत त्यांची. त्या दिवशी दिवा दिसला नाही, म्हणून त्या वाकून कडी सोडवत राहिल्या. दोघंही हेच सांगत होते. तुम्हाला वाटलं, खुब्याचं हाड मोडलं तरी आई बाबांना सांभाळून घेतेय, बाबांचं भान सुटलंय. चावी काढून घेतलीत. आता गाडीच विकताय.

मला कसं ठाऊक? काकाच आले होते. नंतर — आणि आधीसुद्धा. आधी आले ते आठवडाभर आधी, म्हणाले, दिवा कधी लागतो, कधी नाही, बघ जरा. मी काय म्हणालो माहितीय? काका, चष्मा बदला. चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळी हसली, तेही हसले बिचारे. आणि नंतर आले ते पायी. म्हणाले, तू दिवा नीट तपासला होतास ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग माझंच चुकलं असणार. आणि गेले. हाक मारायला हवी होती मी. मला तेव्हाच कळलं होतं ताई, ते वॉशर डोळ्यांपुढं आले होते माझ्या. तीन महिने होतील आता. भीती वाटली, दुसरं काय.

असं बघू नका माझ्याकडे. एक वॉशर काढला, स्विच बसवला, वायरी लावल्या — टाका रिव्हर्स. लागला ना? परत टाका. परत. लागणार आता, दर वेळी लागणार. गाडी घेऊन जा, आणि काकूंना म्हणावं — फोन कुणाला लावताय? भावाला? घरी? काकांनी उचलला? नाही, तुम्ही नका सांगू. आलो मी वर. हात तेलकट आहेत माझे, माझ्या कानाशी धरा तेवढा.

काका, गॅरेजमधून बोलतोय. दिवा लागत नव्हता, काका.